डॉक्टर वाक्समनना सोडायचं कसं

अन्सेल्मो लेदेस्मा पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "बाई, इथलं बाहेर जात नाही ना?"

"इथलं इथंच राहतं," मी म्हटलं.

"दुसऱ्या थेरपिस्टच्या कानावरसुद्धा जात नाही?"

"कुणाच्याच नाही."

मग तो बसला. खुर्ची करकरली. चाळिशी उलटलेला आडदांड माणूस, मान खांद्यात रुतलेली, हात गुडघ्यांवर ठेवलेले. आठवडाभर शाळेत कवायत शिकवायचा आणि रविवारी खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉल सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहायचा. दर रविवारी दोन-तीन हजार माणसं कुंपणाला लटकून त्याच्या आईचा उद्धार करायची आणि हा तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा तर एका क्लबच्या अध्यक्षालाच त्यानं मैदानाबाहेर काढलं होतं, त्याच्याच मैदानातून. हे सगळं त्यानं मला अगदी सहज सांगितलं, बाजारातून बटाटे आणले असं सांगावं तसं.

"मग अडचण काय आहे?"

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. "माझे एक डॉक्टर आहेत. म्हणजे तुमच्यासारखेच, मनाचे. कित्येक वर्षं जातोय मी त्यांच्याकडे, दर बुधवारी. मला आता थांबायचंय. पण तोंडातून शब्द फुटत नाही."

ब्वेनोस आयरेसमध्ये याचं कुणाला नवल वाटणार नाही. इथं माणसं घर बदलतात, नवरा बदलतात, पण थेरपिस्टला सोडायची वेळ आली की पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन परत येतात. तरी सोडायचं कसं ते शिकायला दुसऱ्या थेरपिस्टकडे आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"कशासाठी जायला लागलात त्यांच्याकडे?"

"शिव्यांसाठी. लोक आईवरून बोलायचे आणि मी घरी येऊन रडायचो. पण ते दुसऱ्या वर्षीच बरं झालं. आता शिव्या ऐकल्या की उलट बरं वाटतं. म्हटलं, चला, गर्दी चांगली आहे."

"मग तेव्हाच का नाही थांबवलंत?"

"म्हटलं, नाताळ होऊ दे. मग डॉक्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग त्यांची बहीण वारली. माणूस दुःखात असताना त्याला सोडून जायचं, बरं दिसतं का, तुम्हीच सांगा."

"आणि मग इतकी वर्षं बोलता काय?"

अन्सेल्मोनं मान खाली घातली. रेफरीची मान खाली गेलेली मी तेव्हाच पाहिली.

"स्वप्नं सांगतो."

"बरं मग."

"माझी नाहीत, बाई. मला स्वप्नं पडतच नाहीत, मी ओंडक्यासारखा झोपतो. माझा एक लाइन्समन आहे, ओस्मार. त्याला रोज पडतात. सामन्याला जाताना गाडीत तो मला सांगतो, मी पाठ करतो आणि बुधवारी डॉक्टरांना सांगतो. ते अर्थ लावतात. इतका छान अर्थ लावतात ना! मग मी तो रविवारी ओस्मारला सांगतो. म्हटलं, वाया का घालवायचा?"

मी ओठ दाताखाली धरला. "आणि ओस्मार?"

"पार सुधारला! आधी झेंडा वर करायला घाबरायचा. ऑफसाइड डोळ्यांसमोर असायचा आणि याचा हात थरथरायचा. आता ताठ उभा असतो. लग्न ठरलंय त्याचं. पण तिथंच तर गोची झालीय. त्याला स्वप्नं कमी पडायला लागलीत. गेल्या महिन्यात फक्त एक पडलं, तेही पावाच्या दुकानाचं. मी ते तीन बुधवार पुरवलं."

माझी पद्धत साधी आहे. मी सल्ला देत नाही. सल्ला या शहरात भाजीवालासुद्धा देतो, पिशवी भरता भरता. माझ्याकडे बहुतेक मोठी, कर्तीसवरती माणसं येतात, आणि त्यांच्या घशात एखादंच वाक्य अडकलेलं असतं. ते वाक्य मी त्यांना माझ्या खोलीत रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला लावते. पुन्हा बोला, आता बसून बोला, आता उभं राहून बोला. मग बाहेर कुठंतरी, जिथं फारसं काही बिघडणार नाही अशा ठिकाणी. आणि मग जिथं खरंच बोलायचंय तिथं.

अन्सेल्मोला रिकाम्या खुर्चीशी बोलता येईना. म्हणून त्यानं आपला कोट तिच्यावर टाकला, बाह्या नीट हातांवर ठेवल्या आणि घसा साफ केला.

"डॉक्टर," तो कोटाला म्हणाला, "मला तुम्हाला असं सांगायचं होतं की... गुडघा कसा आहे?"

"अन्सेल्मो," मी म्हटलं.

"थांबा हो बाई. ते नाराज झाले."

"तो कोट आहे."

"माहितीये मला. पण नाराज झाला."

असे चार-पाच मंगळवार गेले. बाहेर मात्र प्रगती झपाट्यानं होत होती. इतकी वर्षं केस नको तितके बारीक कापणाऱ्या न्हाव्याला त्यानं अर्ध्यावर थांबवलं. शेजारणीचा कुत्रा सांभाळायचं नाकारलं. मेहुण्याकडच्या शनिवारच्या मांसाच्या पंगतीला 'येत नाही' म्हणाला, आणि मेहुण्यानं 'का?' विचारल्यावर 'मांस जळतं तुझं' असंही म्हणाला. तेवढं म्हणायची गरज नव्हती, पण मी कौतुक केलं. कोटापुढे मात्र गाडी गुडघ्यावरच अडायची.

एका मंगळवारी मी विचारलं, "तुम्ही बोलत असता तेव्हा डॉक्टर काय करतात?"

"संत्रं सोलतात."

माझी पाठ ताठ झाली.

"साल एकसंध काढतात," अन्सेल्मो बोटानं हवेत गोल गोल करत म्हणाला. "मी त्या सालीकडेच बघत असतो. मनात ठरवतो, आज तुटली तर सांगून टाकायचं. पण तुटतच नाही हो. काय हात आहे त्या माणसाचा!"

तो हात मला माहीत होता. डॉक्टर इसिदोरो वाक्समन, वय एकोणऐंशी, शहरातल्या पालेर्मो वस्तीतला चौथा मजला, पिंजऱ्यासारखी जुनी लिफ्ट. दर गुरुवारी पाच वाजता मी स्वतः त्याच संत्र्यासमोर बसत होते. आणि आता पुरे झालं, असं मीही गेली दोन वर्षं ठरवत होते.

माझ्या शेजारच्या खोलीत पेर्ला बसते, तीही थेरपिस्टच. दोघींनी मिळून हा फ्लॅट घेतलाय, विशा क्रेस्पोत, ताज्या रॅव्हिओली पास्त्याच्या दुकानावर. नाव न घेता मी तिला विचारलं, की माझ्या पेशंटचा डॉक्टर आणि माझा डॉक्टर एकच निघाला तर काय करायचं? पेर्ला माते पीत होती, आमच्याकडचा कडू पानांचा चहा. तिनं नळी तोंडातून काढली.

"त्याला आजच्या आज दुसरीकडे पाठव. विचारायचं काय त्यात?"

"हो, पाठवतेच."

"आणि तू पण सोड त्या म्हाताऱ्याला. किती दिवस बोलतेयस."

"सोडणारच आहे. पण त्यांचा गुडघा..."

"अगं बये, गुडघ्याला त्या युगं लोटली! आता तो माझ्यापेक्षा भरभर चालतो."

पुढच्या मंगळवारी मी अन्सेल्मोला सांगितलं, की त्याच्या डॉक्टरांना मी ओळखते, म्हणून मला हे काम पुढे नेता येणार नाही. एका चांगल्या सहकारी बाईंचं नाव दिलं. अन्सेल्मोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अगदी बरोबर आहे, बाई," म्हणाला, निघताना इथल्या रीतीनं माझ्या गालाला गाल लावला आणि गेला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, ठरल्या वेळी, बेल वाजली. दारात अन्सेल्मो, हातात मेदियालुनांचा, गोड चंद्रकोरी पावांचा, पुडा.

"त्या बाईंकडे गेला नाहीत?"

"नाही."

"मी सांगितलं होतं ना जायला?"

"सांगितलं होतं. पण मला नाही जायचं."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं.

"बाई... मी आत्ता तुम्हाला नाही म्हटलं?"

"म्हटलंत."

"तोंडावर?"

"अगदी तोंडावर."

त्याला इतका आनंद झाला की त्यानं दारातच पुडा फोडून तीन मेदियालुना खाल्ल्या. मी म्हटलं, माझंही नाहीच आहे, तुम्हाला मी आता घेऊ शकत नाही. "ते तुमचं तुमच्यापाशी," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "माझं झालं! आता मी थेट डॉक्टरांनाच सांगतो." आणि उरलेला पुडा माझ्या हातात कोंबून तो शीळ घालत जिना उतरला.

मला वाटलं, संपलं. हलकं वाटलं, आणि थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात बुधवारी शाळांचा कसलासा सामना होता. त्यामुळे अन्सेल्मोची वेळ डॉक्टरांनी गुरुवारी चारवर नेली होती, हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. गुरुवारी पाचला पाच कमी असताना मी बाहेरच्या खोलीत बसले होते. दार उघडलं आणि रुमालानं नाक पुसत अन्सेल्मो बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं, की झालं नाही. मग त्यानं मला पाहिलं.

त्याच्या मागून काठी झुलवत डॉक्टर वाक्समन आले. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "ओळखता का तुम्ही एकमेकांना?"

"मावसबहीण!" अन्सेल्मो ओरडला.

"नाही!" मी त्याच क्षणी म्हटलं.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. उपाशी माणसाला निखाऱ्यावरच्या मांसाचा वास यावा तसा त्यांचा चेहरा फुलला.

आत गेल्यावर त्यांनी संत्र्याला हातसुद्धा लावला नाही. "कोण आहे तो?"

मला काय सांगता येणार? तो माझ्याकडे येत होता हे सांगणं म्हणजे त्याचं गुपित फोडणं. सांगता येत नाही एवढं म्हटलं तरी अर्धं फुटलंच. मी गप्प बसले. डॉक्टरही गप्प बसले. त्या कलेत त्यांना कुणी हरवू शकत नाही. पन्नास मिनिटं आम्ही पडद्यांकडे बघत राहिलो.

शेवटी ते हळुवारपणे म्हणाले, "नोएमी, इतकी वर्षं तू मला तुझ्या आईच्या रविवारच्या जेवणाबद्दल सांगतेयस. आज पहिल्यांदा तुझ्या आयुष्यात काहीतरी घडलंय. त्याचं लग्न झालंय, हे तुला माहीत आहे ना?"

"डॉक्टर!"

"मी तुला काही दोष देत नाही. तोही आज तासभर 'मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय' एवढंच म्हणत रडला. पुढच्या गुरुवारी दोघं या. एकत्र."

हे मी पेर्लाला सांगितलं. बाकी कुणाचं नाव नाही, फक्त म्हातारा काय समजून बसलाय तेवढं.

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं."

पेर्लानं टेबलावर डोकं ठेवलं आणि ती इतकी हसली की खालच्या दुकानातून कुणीतरी छताला झाडू ठोकला.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं डॉक्टरांच्या त्या लांब कोचावर शेजारी शेजारी बसलो. तो आडवं व्हायला केलेला, एरवी आम्ही समोरच्या खुर्चीतच बसायचो; माझे पाय जमिनीला टेकेनात. त्या दिवशी डॉक्टरांनी टाय घातला होता. त्यांनी हातांची घडी घातली आणि लग्न लावायला बसल्यासारखे ते आमच्याकडे बघायला लागले.

"कोण सुरुवात करतंय?"

अन्सेल्मोनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गुपित त्याचं होतं. फोडायचं तर त्यानंच. तो एकदम उठून उभा राहिला, छाती काढून, मैदानात उभा राहतो तसा.

"डॉक्टर, ही माझी मावसबहीण नाही."

"ते लक्षात आलं होतं."

"ही माझी..."

"बोल. लाजायचं कारण नाही. माणसाच्या मनावर..."

"ही माझी थेरपिस्ट आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण तुझा थेरपिस्ट तर मी आहे."

"हो. तुम्हाला सोडायचं कसं, ते शिकायला मी हिच्याकडे जात होतो."

खाली कुठंतरी बसनं ब्रेक लावला. डॉक्टरांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि तू ते शिकवत होतीस."

"हो, डॉक्टर."

"मग तू कशाला येतेस माझ्याकडे?"

"मलाही सोडायचंय," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना, शाळेतल्या मुलीसारखा बारीक निघाला. "दोन वर्षं झाली. सांगवत नव्हतं."

ते एकदम म्हातारे दिसायला लागले. टायची गाठ त्यांनी उगाचच चाचपली. "म्हणजे लगेचच असं नाही," मी घाईनं म्हटलं, "हवं तर वसंतापर्यंत..."

"बाई, मागे घेऊ नका," अन्सेल्मो कानात कुजबुजला.

मग डॉक्टरांनी विचारलं, "शिकवतेस कसं?"

मी सांगितलं: खुर्ची, वाक्य, पुन्हा पुन्हा.

"आणि माझ्या जागी कोण असतं?"

"माझा कोट," अन्सेल्मो म्हणाला.

"कोट?" याचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. "मी धडधाकट इथं बसलोय आणि तुम्ही कोटाशी बोलता? चल, म्हण. माझ्यासमोर म्हण."

"डॉक्टर, मला वाटतं की कदाचित..."

"'कदाचित' काढ."

"डॉक्टर, तुमचे माझ्यावर इतके उपकार आहेत की..."

"उपकार शेवटी. आधी मुद्दा."

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही."

"हं. आता हेच तोंड न पाडता."

तिसऱ्या खेपेला अन्सेल्मोचं वाक्य असं खणखणीत निघालं की खिडकीच्या काचा वाजल्या. मग माझी पाळी. मी दोनदा अडखळले, एकदा माफी मागितली. डॉक्टर कळवळून म्हणाले, "नोएमी, तू तर याच्याहून वाईट आहेस! लोकांना शिकवतेस तरी कशी?"

मला राग आला, आणि त्या रागात वाक्य सरळ निघून गेलं.

"असं," डॉक्टर म्हणाले आणि मागे टेकले.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अन्सेल्मोला आता खरं बोलायची चटक लागली होती. "डॉक्टर, आणखी एक. ती स्वप्नं माझी नव्हती."

त्यानं ओस्मारचं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"भिंतीतून येणारा घोडा?"

"ओस्मारचा."

"पाण्यात बुडणारी शाळा?"

"तीही त्याचीच."

"म्हणजे चार वर्षं मी एका लाइन्समनवर उपचार करतोय?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "त्याचं तोंडसुद्धा न बघता? अरे, त्या घोड्यावर मी मोंतेविदेओच्या परिषदेत निबंध वाचला! लोक उभे राहिले होते!"

"घोडा चांगलाच होता, डॉक्टर," अन्सेल्मो अजिजीनं म्हणाला.

ते बरंच बोलले. विश्वासाबद्दल बोलले, शास्त्राबद्दल बोलले, फुटबॉलबद्दल तर असं काही बोलले की अन्सेल्मोला मैदानावर असल्यासारखं वाटलं असावं, कारण तो अगदी निवांत उभा राहून ऐकत होता. मग डॉक्टरांचा दम संपला. ते बसले, पाणी प्यायले आणि पेल्यात बघत हळूच म्हणाले, "कसा आहे तो?"

"कोण?"

"ओस्मार."

"एकदम बरा आहे. गेल्या महिन्यात लग्न झालं. आता रोसारिओला स्वतःच रेफरी झालाय."

"झोप?"

"गाढ लागते."

"आणि घोडा?"

"नाही येत आता. काहीच येत नाही. म्हणून तर माझी पंचाईत झाली ना, तुम्हाला सांगायला काही उरलंच नाही."

डॉक्टर वाक्समन आधी नाकातून हसले, मग पोटातून, आणि मग त्यांना असा ठसका लागला की अन्सेल्मोनं त्यांची पाठ चोळली. "बरा झाला," ते डोळे पुसत म्हणत होते. "तोंडातोंडी बरा झाला!" लिफ्टपर्यंत ते आम्हाला पोचवायला आले, दोघांच्याही गालाला गाल लावला, आणि जाळीचं दार स्वतः ओढून बंद केलं.

खाली कोपऱ्यावर अन्सेल्मोनं मला कॉफी पाजली. दोघंही परीक्षा देऊन आल्यासारखे बडबडत होतो. तिथूनच आमचा निरोप झाला. तोही त्यानं नीट घेतला, मुद्दा आधी, उपकार शेवटी.

पुढच्या गुरुवारी पाच वाजता मला काय करावं ते सुचेना. एका विनोदी सिनेमाला जाऊन बसले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला आणि तिच्या थेरपिस्टचा नंबरही. रुमाल घेतला.

वसंतात, रस्त्यावरची जकारांडाची झाडं जांभळी झाली तेव्हा, डॉक्टरांचा फोन आला.

"नोएमी, तुझ्याकडे एखादी वेळ रिकामी आहे का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी." ते म्हणाले, "माझेही एक डॉक्टर आहेत. ग्रिनश्टाइन. दर सोमवारी जातो. त्र्याण्णव वर्षांचे आहेत. मला सोडायचंय त्यांना. तीनदा सांगून झालं."

"मग?"

"त्यांना ऐकू येत नाही, गं."

माझ्या जिभेवर 'या ना' आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय, शिवाय तो आवाज. मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्हाला मी नाही घेऊ शकत."

मी माफी मागितली नाही, गुडघ्याची चौकशी केली नाही. नुसती थांबून राहिले, आणि आश्चर्य म्हणजे छातीत काहीही धडधडलं नाही.

"छान," ते शेवटी म्हणाले. "मग कुणाकडे जाऊ?"

मी पेर्लाचा नंबर दिला. पेर्ला एरवी पेशंटचं नाव तेवढं गाळून बाकी सगळं रंगवून सांगते, पण या बाबतीत तिनं एक अक्षर काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे, आणि शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर एक घटस्फोटित गृहस्थ बसलेले असताना पलीकडून पेर्लाचा आवाज आला, "त्यांना ऐकू येत नाही, डॉक्टर! पोटातून काढा आवाज!"

आणि त्यामागोमाग, अख्खी इमारत ऐकेल असा, एकोणऐंशी वर्षांचा घसा दणाणला, "ग्रिनश्टाइन! मी चाललो!"

माझे गृहस्थ दचकले. "कोण चाललंय?" त्यांनी विचारलं.

"ते आपलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं सांगा."